पाळण्यासकट एक खाट

रेनी स्टॅम्परचं घर अशा घळीत आहे
जिथे रस्ता संपतो आणि ओढाच रस्ता होतो.
वेस्ट व्हर्जिनियाच्या नकाशात ते सापडत नाही.
शेरीफला मात्र तोंडपाठ आहे.

मी गाडी पुलाअलीकडेच लावते.
इंजिनाचा आवाज आला की ती मागच्या दाराने रानात जाते,
कारण माझ्याआधी जे जे आले ते फाईल घेऊन आले,
आणि एकदा परत जाताना
त्यांच्या मागच्या सीटवर तिचा थोरला होता.

म्हणून चालत जाते, रिकाम्या हाताने.
रिकामे म्हणजे, डायपरचा एक पुडा.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवलेलं,
तरी पहिल्या चार खेपा मी हवापाण्यावरच बोलले.
पाचव्या खेपेला तिनेच विचारलं,
"तू कोणाकडची?"
कोर्टाकडची नाही, म्हटलं.
मग बाही वर केली.
नऊ वर्षं झाली,
चांगल्या उजेडात अजून दिसतं.
ती बघत राहिली.
हवापाणी तिथेच संपलं.

आज सव्वाअकराला ती हो म्हणाली.

हे 'हो' फार टिकत नाही.
कालची गोळी उतरलेली
आणि हाडांतली कळ अजून चढायची आहे,
त्या फटीत ते जगतं.
तीन तास. फार तर चार.

फोनला रेंज फक्त पुलावर येते.
मी पुलावर.
पहिले म्हणाले, यादीत नाव घाला, सहा आठवडे.
दुसरे म्हणाले, बाईला खाट आहे, मुलाला नाही.
तिसरीकडे एक यंत्र बोलत होतं, गोड आवाजात,
माझा फोन त्यांना किती महत्त्वाचा आहे ते सांगत.
चौथ्यांनी विम्याचा नंबर दोनदा लिहून घेतला
आणि सोमवारी बघू म्हणाले.
आज गुरुवार.
सोमवार कोणी पाहिलाय?

पाचव्या ठिकाणी ओडेसा नावाची बाई.
"थांब," म्हणाली, आणि फोन टेबलावर ठेवून
खरंच उठून बघायला गेली.
मला तिच्या चपला ऐकू येत होत्या,
लांब जाताना,
मग किती तरी वेळ काहीच नाही,
मग परत येताना.
"पाळणा आहे. एक चाक मोडलंय. चालेल?"
चालेल, म्हटलं. इतक्या मोठ्याने
की ओढ्यातला बगळा उडाला.

वर गेले तर तिने केस धुतले होते.
कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कपडे भरलेले, दोघींचे.
एम्ब्री अकरा महिन्यांची, तिच्या काखेत.
"तिथून हिला नेणार नाहीत ना?"

खोटं बोलणं जिभेच्या टोकावर होतं.
सांगता येत नाही, म्हटलं,
पण मी आत येईन, आणि सहीआधी
प्रत्येक कागद मोठ्याने वाचेन.

खाणीला फुप्फुसं देऊन बसलेला तिचा काका लूथर,
दोन वर्षं तिच्याशी न बोललेला,
नाकातली नळी काढून उठला
आणि बाळाची सीट पुलापर्यंत घेऊन आला.
तीनदा थांबला.
पट्टा घट्ट कर, एवढंच म्हणाला, आणि तेही मला.

चाळिसाव्या मैलावर ती म्हणाली, थांब.
पेट्रोलपंप. संडासाची किल्ली
लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली.
एम्ब्री माझ्या खांद्यावर, पिशवी गाडीत.
पाच मिनिटं.
मागच्या बाजूला एक ट्रक उभा होता, दार उघडं,
आत कोण ते दिसत नव्हतं.
नऊ मिनिटं.
मी दार वाजवलं नाही.
माझ्या वेळीही कोणीतरी
वाजवलं नव्हतं.

ती बाहेर आली. तोंड ओलं,
ओठांना ओकारीचा वास.
"किती राहिलं?"
ऐंशी मैल.
"बरं," म्हणाली.
या खेपेला पुढे नाही बसली.
मागे बसली, एम्ब्रीला लागून,
आणि पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला.