रडकी, खण नंबर नऊ

उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीच्या स्टोअरला
सोमवारी नवं सॉफ्टवेअर बसलं
आणि शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.
मी बेचाळीस वर्षांची, म्हणजे
म्हाताऱ्यांनाही आपली आणि पोरांनाही आपली,
असा साहेबांचा हिशेब.

यल्लाप्पा कंग्राळकर, मार्चला सुटणार.
सहना हिरेमठ, तेवीस, बैलहोंगलची,
उजव्या हातात भाकरीचा तुकडा, डाव्या हाताने
डबा संपायच्या आत चाळीस नोंदी.

यल्लाप्पांनी माऊस धरला तो
गरम साचा धरावा तसा, बोटांच्या टोकांनी.
डबल क्लिक म्हटलं की एकदा दाबायचे,
माझ्याकडे बघायचे,
मग दुसऱ्यांदा.
मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटायची.

"वहीत पान उलटलं की मागचं हाताला लागतंय,
हितं उलटलं की ते जातंय कुठं?"
मला उत्तर आलं नाही.
सहनाने मागे जायचं बटण दाखवलं.
ते उत्तर नव्हतं, पण चाललं.

पासवर्ड तीनदा विसरले.
शेवटी तंबाखूच्या डबीत, झाकणाच्या आतल्या अंगाला चिठ्ठी.
मी काही बोलले नाही.
माझा कॅलेंडरमागे आहे.

बुधवारी फोरमन आला : "रडकी दे, लवकर."
सहनाने शोधलं. नाही.
पडदा आधी कन्नडमध्ये नाही म्हणाला, मग इंग्रजीत.
तोवर यल्लाप्पा शिडीवरून उतरले होते,
काखेत पाच किलोचं बीड, शर्टाने पुसत.
"ही रडकी. ते म्हैसतोंड. वरची ती धाकटी जाऊ,
कुठंच नीट बसत न्हाई."
सहनाला हसून हसून ठसका लागला.
संगणकात रडकीचं नाव होतं पीएच दोनशे चौदा बी.

त्या दुपारी मी शिकवणं थांबवलं.
पडद्यावर एक रकाना होता, 'इतर नाव',
कुणीच न भरलेला.
ते सांगत गेले, ती लिहीत गेली,
मधेच कन्नड, मधेच मराठी,
आणि काही शब्द असे, की दोन्ही भाषांनी हात वर केले.
"लिपी कुठली घालू, मामा?"
"कुठलीबी घाल गं पोरी. नट बसल्याशी मतलब."
तिने दोन्ही घातल्या.
"एंटर तेवढं माझं," ते म्हणाले.
तीनशे बारा नावं, तीनशे बारा एंटर.
शनिवारी कधीतरी लक्षात आलं,
डबल क्लिक करताना आता ते माझ्याकडे बघत नाहीत.

सगळं जमलं असंही नाही.
एकदा आवक-जावक उलटी झाली,
दिवसभर आमच्याकडे उणे साठ किलो कच्चं लोखंड होतं.
साहेब खाली आले.
चूक माझी, सहना म्हणाली.
खोटं बोलताना तिचं मराठी एकदम स्वच्छ होतं.

मार्चला शाल, नारळ, फेटा, फोटो.
जायच्या आधी त्यांनी स्वतः लॉग आउट केलं
आणि पडद्याची कड धरून एक हिसका दिला,
कुलूप लागलंय का बघतात तसा.

आता दस्तगीर आहे स्टोअरला, वीस वर्षांचा.
काल त्याने 'रडकी' टाकलं, लगेच आलं :
खण नऊ, फळी तीन, शिल्लक अकरा.
"मॅडम, रडकी का म्हणतात हो?"
सहनाने खांदे उडवले. मीही.
तसा रकानाच नाही.
म्हणून फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी, नातवंडांचा गोंधळ,
मग तो घसा खाकरल्याचा आवाज.

"रडकी व्हय?
थांब गा जरा. वही बघून सांगतो."