तीन नंबरचा सांधा

रिबेलो सरांचं लोंढा जंक्शन
कॅम्पातल्या मागच्या खोलीत पिंगपाँगच्या टेबलावर मावतं.
स्टेशन काडेपेट्यांचं, डोंगर रद्दीच्या लगद्याचा,
एका कड्यावर अजून वाचता येतं: आजचे सोन्याचे द...

मला बोलावलं, कारण मी उद्यमबागेत पंपाच्या मोटरी भरते.
"तांब्याची तार ती तांब्याची तार," सर म्हणाले,
"साडेसात हॉर्सपॉवरची काय आणि नखाएवढी काय."
असं नसतं. पण गेले.

तीन नंबरचा सांधा.
बेळगावकडून आलेली गाडी इथं फुटते:
डावीकडे धारवाड, उजवीकडे कॅसलरॉक, मग घाट, मग गोवा.
धारवाडला बिनबोभाट जाते.
गोव्याला सोडली की इंजिन वळतं, पहिला डबा वळतो, दुसरा वळतो,
तिसरा मात्र
कुणी हाक मारल्यासारखा सरळच निघतो
आणि आडवा पडतो.
"तिसराच?"
"नेहमी तिसराच."

आधी कॉइल. मीटर लावला: दोन्ही बाजू चार ओहम, भांडण नाही.
मग बटण. पोटात काजळी, पॉलिश पेपरनं खरवडली.
मग सोल्डरचा एक टाका गार पडलेला, तो पुन्हा ओतला.
सांधा असा हलला की टेबलावरचा हमाल पडला.
सरांनी टाळी वाजवली.
तिसरा डबा पडला.

चहा आला, गार झाला.
दारात भरमाण्णा उचगावकर.
समोरच्या बंगल्याचा वॉचमन, त्याआधी सव्वीस वर्षं
लोंढ्याला सांधेवाला. खऱ्या लोंढ्याला.
रोज संध्याकाळी येतो, कशाला हात लावत नाही.
सर म्हणतात, इन्स्पेक्शन.

"ताई, लाइट घालवा."
"कशाला?"
"डोळं लई बोलत्यात. ऐका की जरा."

अंधारात बटण दाबलं.
धारवाड: खट्.
गोवा: खट्, आणि मागून बारीक काहीतरी,
दार लागलं पण कडी लागली नाही, तसं.
"आयतु," भरमाण्णा म्हणाला. "जीभ टेकंना."

लाइट लावून बसचं तिकीट जिभेच्या टोकाशी सरकवलं.
सरकलं. सरकायला नको होतं.
"आमी पट्टी घालायचो, पाच मिलिमीटरची.
ती घालून कुलूप पडलं, की आमची झोप गेली."

भिंग. चिमटा.
रुळाच्या कुशीत खडीचा एक कण:
खानापूरच्या नदीची वाळू,
सरांनी चहाच्या गाळणीनं चाळलेली, फेविकॉलसकट घट्ट.
सुईनं उकरला, नखावर घेतला. पंख्यानं उडाला.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणावं,
की आपलं इथल्यांचंही असंच,
दुकानाची पाटी एका लिपीत, उधारीची वही दुसऱ्या,
आणि जीभ ना इकडे पुरती टेकत, ना...

"ताई, टोक घासा. कण गेला, पण टोक वाकलंय."

घासलं. कानस तीन वेळा, चौथ्यांदा नाही.
वर शिसपेन्सिलचं काळं. तेल नाही, तेलाला धूळ धरते.
आता तिकीट आत शिरेना.

गाडी सुटली. इंजिन. पहिला. दुसरा.
तिसरा मी बघितलाच नाही.
भरमाण्णाचा हात खांद्याइतका वर गेला होता,
मूठ मिटलेली,
मुठीत काही नव्हतं आणि ते तो घट्ट धरून उभा होता.

गाडी डोंगरात शिरली, सोन्याच्या दराखालून बाहेर आली.
सर हसत होते. माझ्याकडे, त्याच्याकडे, परत गाडीकडे.

भरमाण्णानं हात खाली केला नाही.
"शेवटच्या डब्याला पाटी न्हाई, सर.
गाडी पुरी आली, असं कशावरनं धरायचं?"

सर कात्री शोधायला उठले.