उलटे आटे

निझवाच्या सनाइयात माझं दुकान म्हणजे
अर्धं शटर, एक पंखा
आणि टायरवाल्याशी भांडून मिळवलेली सावली.
कांबळी इथं कुणाच्या जिभेवर बसत नाही.
मी कामबली. अकरा वर्षं झाली,
उधारीच्या वहीत सहीही तशीच करतो.

सकाळी खलफान आला बागेवरून.
पिकअपच्या हौद्यात मोफिजुल,
मांडीवर करवत, झोपलेल्या पोराला घ्यावं तशी.
काल मेलेला खजूर पाडून झाल्यावर
त्यानं ट्रिगर सोडला, वळला,
आणि साखळीनं ट्रॅकपँट चाटली
गुडघ्याच्या चार बोटं वर.
चामडी वाचली.
"नसीब," खलफान म्हणाला.
मी म्हटलं, असेल. पण आधी स्क्रू बघू.

दोरी ओढली. इंजिन लागलं.
ट्रिगरवर कुणाचंच बोट नाही
आणि साखळी चाललेली,
सावकाश, मान खाली घालून,
कुणी न सांगितलेल्या कामाला निघाल्यासारखी.

फिल्टरमध्ये खजुराचा काथ्या. झटकला.
ट्रिगर मोकळा, तार मोकळी.
मग आयडलचा स्क्रू, डावीकडे पाव आटा.
चाललीच.
अजून पाव.
चाललीच.
अजून केसभर, आणि इंजिन गपकन मेलं.
म्हणजे हिला जगायचं तर चालायला हवं,
थांबायचं तर मरायला.

(मागच्या सुट्टीत गुहागरला वीस दिवस होतो.
तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा ग्रासकटर खोलला,
पाचव्या दिवशी देवळाचा पंप.
सुनंदा ओटीवर तांदूळ निवडत म्हणाली,
"बसलायस खरा, पण चालूच आहेस."
मी म्हटलं, पाना दे जरा.)

तर, क्लच.
क्लच काढायचा म्हणजे आधी पिस्टन अडवायचा,
प्लगच्या भोकातून दोरी कोंबायची.
दोरी दुकानात नव्हती.
मोफिजुलनं न बोलता ट्रॅकपँटची नाडी उपसली,
एका हातानं कंबर धरली,
दुसऱ्यानं नाडी पुढं केली.

आटे उलटे असतात क्लचचे.
सगळं जग ज्या बाजूनं कसतं
त्या बाजूनं हा सुटतो.
बोटांना पाठ आहे.
मला मात्र दर वेळी क्षणभर थांबून
स्वतःला सांगावं लागतं.

ड्रम उचलला, आत तीन बूट,
त्यांना आवळून धरणाऱ्या तीन स्प्रिंगा.
दोन ठीक. तिसरी सैल पडलेली,
एका वेढ्यात तुटायला आलेली,
करंगळीच्या नखाएवढी.
एवढीशी ढिली पडली की
बूट बाहेर झुकतो, ड्रमला घासतो, ओढत नेतो,
आणि इंजिन शांत बसलं असं आपल्याला वाटत राहतं.

खलफाननं ती तळहातावर घेतली, उन्हात धरली.
"हिच्यासाठी?"
"हिच्यासाठी."
"मस्कतहून किती दिवस?"
"चार. पाच."
बागेत सतरा मेलेली झाडं उभी होती
आणि फलजच्या पाण्याची पाळी परवावर आलेली.

मागच्या रॅकवर गाडीखाली चिरडलेली एक करवत होती,
हिच्याच जातीची. तिच्या स्प्रिंगा काढल्या, तिन्ही.
एकटी बदलायची नसते,
जुन्या दोघी नवीला नीट ओढू देत नाहीत.
बेअरिंगला ग्रीस दिलं.
क्लच डावीकडे कसला.
प्लग बसवला. दोरी ओढली.

इंजिन धडधडत राहिलं. साखळी गप्प.
ट्रिगर दाबला, साखळी धावली.
सोडला,
दोन दात पुढं सरकली आणि उभी राहिली.
परत केलं. परत उभी राहिली.
कारण नसताना सातव्यांदा केलं.

खलफाननं तीन रियाल ठेवले, खजुराची पिशवी ठेवली,
पिकअप चालू केली.
मोफिजुल हौद्याशी उभा,
एका हातात करवत,
दुसरा हात अजून कंबरेवर.
"उस्ताद," तो म्हणाला,
"नाडी."

ती माझ्याच खांद्यावर होती,
तेलानं काळी,
एका टोकाला काजळीची गाठ.
मी ती पेट्रोलमध्ये बुडवून पिळली, पंख्यापुढं धरली.
खलफान हॉर्न देत राहिला.
आम्ही दोघं वाळायची वाट बघत
काही न करता उभे होतो.