माशी

सिमरोलचा घाट उतरून बसने मला सोडलं तेव्हा
पिशवीतला पोह्यांचा कागद तेलकट झाला होता
आणि खोळीतल्या काठीकडे बघून
कंडक्टरने दोनदा विचारून झालं होतं :
बंदूक आहे का, बाई?

चैत्र संपत आलेला. चोरल आता नदी नाही,
नुसते डोह. एका डोहाचं पाणी दुसऱ्याला
खडकाखालून पोचतं,
अबोला धरलेल्या जावांचे निरोप
मुलांकरवी जातात तसं.

काठी नानांची. महूच्या लिलावात
कुणा साहेबाच्या मोडक्या टेबलासोबत
साडेचार रुपयांत आलेली.
बांबूच्या सहा चिरफळ्या अशा चिकटवलेल्या
की सांधा नखालाही लागत नाही.
सोबत एक पुस्तक, त्यात ट्राउट नावाचा मासा,
गोवर निघाल्यासारखे अंगावर लाल ठिपके.
तो आपल्याकडे नसतो, हे नानांना ठाऊक होतं.
तरी साचेखात्यातली रात्रपाळी संपवून आले
की शिवणयंत्राच्या फळीला शिकंजा लावून
ते माश्या बांधत बसायचे :
कोंबड्याच्या मानेचं पीस, मोरपिसाचा एक तंतू,
बॉबिनवर उरलेलं सूत.
आई म्हणायची, लोक माश्या मारतात,
आमच्याकडे करतात.
नाना म्हणायचे, माशीने मासा.
‘शी’चा ‘सा’ लागला पाहिजे, बस.

गुमान वरच्या खडकावर उकिडवा बसलाय.
त्याच्या आजोबांनी नानांना इथेच बाडस दाखवला होता,
हातभर, पितळी खवल्यांचा.
“आता नुसत्या चिल्हव्या, बाई,” तो म्हणतो.

मागे एक वाजता थांब, पुढे दहाला,
मधे मिलचा भोंगा ऐकू नकोस.
नानांचं घड्याळ असं हवेत असायचं.
माझे पहिले तीन अर्जुनाच्या झाडाला.
चौथा बरा.
पाचव्याला दोर लांबत गेला, सरळ झाला,
आणि माशी पाण्याला टेकायच्या आत
वरच्या वर कुणी घेतली.

पाकोळी.

दोर आभाळाकडे ओढला जाऊ लागला.
एकसष्ट वर्षांची मी, गुडघाभर पाण्यात,
संक्रांतीला चुकलेला पतंग उडवावा तशी.
कुठे माशी शिंकली, विचारतात ना,
इथे.

पुस्तकात याचं पान नव्हतं.
दोर हळूहळू आत घेतला. गुमानने गमछा टाकला.
त्याच्या ओंजळीत ती :
वजन म्हणावं तर दोन आंतर्देशीय पत्रांचं,
चोचीच्या कोपऱ्यात नानांची माशी.
डोळे मिटून गळ मागे ढकलला
तर तो निघूनच आला, रक्ताशिवाय.
गळाला उलटा काटाच नव्हता.
कानशीने घासून काढलेला.
डबी उघडली. एकेक गळ बोटावर घेऊन पाहिला.
सगळे घासलेले.
आणि आम्ही चाळीस वर्षं म्हणत होतो,
नानांना मासा धरता येत नाही.

गुमानने हात उघडला.
ती तशीच बसून राहिली, पत्ता विसरल्यासारखी.
मग नव्हती.

गार पोहे खाल्ले. शेव मऊ पडलेली.
“ती परत फसेल का?” गुमानने विचारलं.
मला काय माहीत, म्हटलं.

तेवढ्यात डोहाच्या मधोमध एक वर्तुळ उठलं,
चांगलं परातीएवढं. चिल्हवीचं नव्हे.
दोघांनी पाहिलं. दोघं काही बोललो नाही.
बसला अजून तास होता.
काठी खोळीत गेलेली होती,
मी नाडी बांधत राहिले.