हजेरीपट

तक्त्यावर ऋतू तीनच :
छत्री, स्वेटर, सूर्य.
सूर्याला कुणीतरी मिशा काढल्यात.

छडी छत्रीवर टेकवते. "हा कोणता?"
"रोवण्याचा," रायमती म्हणते.
स्वेटरवर सगळे गप्प.
मग झुरू, काळजीनं :
"हा पोट्टा बिमार हाय का जी?"
"हिवाळा आहे तो."
"मंग शेकोटी कुठं हाय?"

सूर्यापाशी पोचेस्तोवर मार्च उजाडला,
सतरंजी अर्धी रिकामी.
टोपल्या घेऊन पहाटेच गेलीत सगळी
मोहाखाली, आयांच्या मागं.
मी एकेका नावापुढं लाल शाईनं
गैरहजर लिहिते.
नियम आहे.

साडेअकराला झुरू येतो,
गुडघ्यांना जाळलेल्या पाल्याची राख.
टेबलावर मूठ उघडतो :
तीन फुलं, पिवळट, ओलसर,
वर्गभर गोड, आंबूस वास.
"बाई, हा नाही ना जी तुमच्या तक्त्यात.
मनून आनला."

घाईत हजेरीपट मिटला,
एक फूल आतच राहिलं.

एप्रिलात साहेब आले तपासणीला.
पानं उलटत गेले,
लाल खुणा मोजत,
आणि एका तपकिरी डागापाशी थांबले.
पान नाकाशी नेलं.
मी उत्तरं जुळवत उभी.

त्यांनी सही केली,
पेनाचं टोपण लावलं,
म्हणाले,
"यंदा मोह उशिरा पडला, नाही?"