आगळाची शीर

वेंगुर्ल्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये पहिलं वर्ष
मी उभ्यानं काढलं.
गिरप मॅडमचं बोट फिरायला लागलं
की अख्खी रांग श्वास धरायची.
औषध देण्याचे नियम सांग.
पाचवा राहिला? राहा मग उभी.
खिडकीतून बंदर दिसायचं, दीपगृह दिसायचं,
फळ्यावरचं तेवढं दिसायचं नाही.

त्या वर्षी माझं वजन सहा किलोंनी उतरलं.
निलोफर झोपेत नाडी मोजायची,
बहात्तरला अडकायची, पुन्हा एकपासून.
तांडेलांची प्रणोती मेसमध्ये भाताकडे बघत बसायची
आणि एका शनिवारी आरोंद्याच्या गाडीत बसून गेली ती गेलीच.
ट्रंक तिचा बाप नंतर घेऊन गेला.
हजेरीत तिच्या नावावर लाल रेघ,
पट्टी लावून मारलेली, अगदी सरळ.

कागदावर मला अठ्ठ्याहत्तर टक्के होते.
वॉर्डात माझा उजवा हात थरथरायचा
आणि मी तो ॲप्रनच्या खिशात घालून हिंडायचे,
कुणाचा तरी उसना आणल्यासारखा.

दुसऱ्या वर्षी आंतोनेत सिस्टर आल्या,
चप्पल ओढत, धापा टाकत.
फळा पुसला आणि त्यावर काहीच लिहिलं नाही.
पिशवीतून काढली सलाईनची जुनी नळी,
भांडी घासायचा स्पंज, फाटका हातमोजा,
आणि बाटलीभर आगळ, घरच्या रातांब्यांचं.
नळीत आगळ भरलं, ती स्पंजात दडवली,
वरून हातमोजा ताणून बसवला.
"शोध शीर. डोळ्यांनी नको, बोटानं."

अकरा वेळा चुकले.
"विचार त्याला, दुखलं काय," सिस्टर म्हणाल्या,
आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या वर्गात कुणीतरी हसलं.
बाराव्या वेळी सुईच्या मागे लाल थेंब चढला.
ॲप्रनवरचा तो डाग अजून आहे.

मग जोड्या. एक पेशंट, एक नर्स, नंतर उलट.
निलोफर खोटं कण्हता कण्हता
खरंच रडायला लागली.
सिस्टरनी दार लोटून घेतलं.
त्या दिवशी पुढचं काहीच शिकवलं नाही.

भातकापणीतली रात्र.
मोचेमाडची बाई, पायाला फुरसं चावलेलं,
हिरड्यांतून रक्त झिरपतंय.
फुरशाच्या विषात टोचलेलं लवकर थांबत नाही,
जितक्यांदा चुकाल तितकी भोकं वाहणार.
शिरा सगळ्या आत बसलेल्या.
"टोच गो चेडवा," तीच मला म्हणाली,
"काटो काढूचो तर टोचूकच व्हया."
मी नजर काढून घेतली, बोट ठेवलं.
पहिल्याच वेळी.

पण तेव्हा ओठ आपोआप पुटपुटत होते:
योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा,
योग्य मार्ग, आणि पाचवा, योग्य वेळ.
गिरप मॅडमच्याच आवाजात.
मला राग आला. बाई वाचली तरी आला.
हे पाठ करायला
प्रणोती खर्ची पडायलाच हवी होती का?

आता मी शिकवते. फ्रिजमध्ये आगळाची बाटली असते.
नियमही पाठ करून घेते, पाचच्या पाच.
सोमवारी एक नवी मुलगी विचारल्यावर उभी राहिली,
चौथ्यावर थांबली,
उजवा हात हळूच खिशात गेला.
मी आधी तिला
बस म्हणाले.