मार्ग मोकळा आहे का?

दोल्नो कापिनो. पाटीवरचं शेवटचं अक्षर
गारपिटीत गेलं, ते परत रंगवलं नाही.
इथं उतरणाऱ्यांना पाटी वाचावी लागत नाही
आणि जो वाचतो, तो चुकून उतरलेला असतो.

दिवसाला चार गाड्या. दोन वर, दोन खाली.
डबेही दोनच. रूळ इतके जवळ
की माझी लेक नऊ वर्षांची असताना
एक पाय ह्या रुळावर, एक त्या रुळावर ठेवून
बदकासारखी चालायची,
आणि मी खिडकीतून ओरडायची, लाल टोपी घालून, अधिकाऱ्यासारखी.

सात दहाच्या गाडीनं पाव येतो, पोत्यात, अजून कोमट.
सालिहच्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात.
सालिह रोज येतो, गोळ्या घेतो, आणि सांगतो
की एकाहत्तर साली ही गाडी सहा पंचावन्नला यायची.
एकदा गार्डनं एक कोकरू हातात दिलं.
पावती कशावर फाडायची, ह्यावर वाद झाला,
गाडी चार मिनिटं उशिरा सुटली.
वहीत मी कारण लिहिलं: रुळावर जनावर.
अगदीच खोटं नव्हतं.

आमच्याकडे मान आडवी हलली की हो,
खाली-वर झाली की नाही.
गेल्या उन्हाळ्यात एका जर्मन माणसानं
खुणेनंच विचारलं, ही शेवटची का?
मी मान हलवली. तो निवांत बसून राहिला.
रात्री त्याला शेगडीजवळचं बाकडं दिलं, बानित्सा दिली,
आणि हो-नाही पुन्हा शिकवलं.

गाडी वर सोडायची तर आधी फोन.
बेलिब्रेग, बोगद्यापलीकडे, अकरा किलोमीटर.
"बेलिब्रेग, मार्ग मोकळा आहे का?"
"मोकळा आहे, कापिनो. पाठव."
खालची गाडी असली की तो विचारायचा, मी सांगायची.
नियमानं शब्द ठरलेले, त्यात घालायचं काही नाही,
काढायचं काही नाही.
एकोणीस वर्षं.
नाव रांगेल. एवढं पगारपत्रकावरून.
बाकीचं आवाजावरून:
आलुबुखाराच्या दिवसांत तोंड भरलेलं,
नोव्हेंबरात घसा बसलेला,
आणि एका फेब्रुवारीत, बायको गेली त्या सकाळी,
"मोकळा" आणि "आहे" यांच्यामध्ये
एक आख्खा बोगदा.

भेट नाही. मी कामावर तेव्हा तोही कामावर,
मला सुट्टी तेव्हा त्यालाही.
अकरा किलोमीटर.
जायचं म्हटलं असतं तर चालत जाता आलं असतं.

मार्चमध्ये कागद आला. बेलिब्रेगला आता माणूस नको,
खालच्या शहरातून बटणावर सगळं होईल.
शेवटच्या दिवशी तो संध्याकाळच्या गाडीनं उतरणार होता,
म्हणजे माझ्यासमोरून, एक मिनिट.

मी टोपी झटकली. काठीची हिरवी चकती पुसली.
गाडी थांबली. खिडक्यांत तीन पुरुष:
एक झोपलेला, एक फारच तरुण,
आणि एक टकला, मांडीवर जिरेनियमची कुंडी,
कचेरीतल्या खिडकीतली असावी.
त्यानं काच खाली ओढली. अर्ध्यावर अडकली.

बोलायचं किती होतं.
तोंडातून निघालं तेच, जे सवयीनं निघतं:
मार्ग मोकळा आहे का?

तो काही बोलला नाही.
मान आडवी हलवली, हळू, बराच वेळ,
कुंडीवरची पानंही तशीच हलली.
त्या जर्मन माणसाला ते काहीतरी वेगळंच वाटलं असतं.

गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली.
वहीत कारणाचा रकाना असतो. मी कोरा ठेवला.
कुणी विचारलंही नाही.

आता फोनवर एक मुलगी असते. चांगली आहे, चटपटीत.
ती मला कापिनो म्हणत नाही, नऊ नंबर म्हणते.
परवा सवयीनं मी म्हणून गेले, "बेलिब्रेग?"
ती म्हणाली, "कोण?"
मागे कुठेतरी खूप फोन वाजत होते.
मी म्हटलं, काही नाही,
पाठवू का गाडी?